राखीव बाटली

यादवरावांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजले. पूर्वी ते मोजत नसत. आता मोजावं लागे, कारण वास घ्यायला माणसाला किती वेळ लागतो हे त्यांना आठवणीने ठरवावं लागायचं. पाच झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, किंचित फिरवला आणि पुन्हा नाकाशी आणला. काचेचा गारवा वरच्या ओठाला लागला. बाकी काही नाही.

"घाई नाही, काका," तृप्ती म्हणाली.

ती टेबलाच्या पलीकडे उभी होती. बाटलीचं झाकण तिच्या बोटांत फिरत होतं. बिअर तिची, कारखाना तिचा. विंचूरच्या वाइन पार्कात सगळे द्राक्षांच्या मागे असताना ही एकटी बार्ली आणि हॉप्सची कडवट, वासाची फुलं घेऊन बसली, म्हणून सुरुवातीला लोक तिला हसले होते.

"अडीच टक्केच म्हणता?" विमा कंपनीकडून आलेल्या दिनेशने फॉर्मवरून मान वर केली. सर्व्हेअर होता तो. सकाळी नाशिकहून मोटारसायकलवर आला होता, त्याच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. "मॅडम, एवढ्याने डाससुद्धा झिंगायचा नाही. मग पितात कशाला लोक?"

"वासासाठी," तृप्ती म्हणाली. "दारू कमी, हॉप्स भरपूर. ही वासावरच चालते."

यादवरावांनी ग्लास खाली ठेवला.

दाराशी बाकावर काळू गावीत आणि त्याची बायको भागीबाई बसली होती. काळूच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. पट्टीखाली आता डोळा नव्हता. बोलणाऱ्याकडे बघायचं तर त्याला सगळी मान वळवावी लागे आणि ती वळवण्याआधी तो क्षणभर थांबे, जणू आधी परवानगी घ्यावी. सुरगाण्याकडचा माणूस. द्राक्षांच्या हंगामात मजुरीला यायचा. तीन वर्षांपूर्वी तृप्तीने त्याला बाटल्या भरण्याच्या कामावर कायम घेतलं होतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी तो भरलेले क्रेट उचलत असताना एक बाटली फुटली, तिच्या धक्क्याने शेजारच्या दोन फुटल्या. काचेचा तुकडा नखाएवढाही नव्हता. तृप्तीने स्वतः गाडी काढून त्याला नाशिकला नेलं होतं आणि वाटेत, निफाडच्या पुढे, गाडी बाजूला घेऊन उलटी केली होती. हे तिनेच नंतर यादवरावांना सांगितलं होतं.

आता प्रश्न एवढाच होता, की बाटल्या का फुटल्या. गोदामाच्या भिंतीवर लाल रंगाने लिहिलेलं होतं, भरलेले क्रेट उन्हात ठेवू नयेत. काळूचे क्रेट उन्हात होते. बिअर चांगली होती असं ठरलं तर माणसाने जाणूनबुजून सूचना मोडली, आणि मग भरपाईचा विषय तिथेच संपत होता. बिअर मुळात बिघडलेली निघाली, तर दोष कारखान्याचा आणि काळूला भरपाई.

"तू पुन्हा एकदा सांग रे," दिनेश म्हणाला. "क्रेट कुठे होते?"

काळूने मान वळवली. "सावलीत ठिवलं व्हतं, सायब. सकाळी त्या भिताडाला सावलीच ऱ्हाते. टेम्पो यायचा व्हता, तो आला नाय. बारा वाजले, सावली फिरली. मी आत बाटल्या धूत व्हतो. सावली काय मी धरून ठिवणार?"

"म्हणजे उन्हात होते. हो की नाही, एवढंच."

काळूने मान पुन्हा सरळ केली.

"व्हते."

दिनेशने लिहिलं. त्याचं अक्षर चांगलं होतं. तो वाईट माणूस वाटत नव्हता. मघाशी त्यानेच काळूला पंख्याखाली बसायला सांगितलं होतं.

"लॅबला पाठवायला हवी होती ही बाटली," यादवराव हळूच म्हणाले. आपला आवाज त्यांना फार पातळ वाटला.

"एवढ्याशा केसला कंपनी लॅब देत नाही हो, आहेर साहेब." दिनेश बोलून गेला आणि मग बाकाकडे बघून खाकरला. "म्हणजे, पद्धत तशी आहे. तुम्ही त्या वेळी माल चाखून पास केला होता, तुमची सही आहे. आज राखीव बाटली चाखून तेच सांगा, की काम झालं. वाइन कंपनीच्या लॅबमध्ये तीस वर्षं होता म्हणे तुम्ही. तुमच्यापुढे लॅब काय सांगणार?"

प्रत्येक खेपेच्या दोन बाटल्या तृप्ती फ्रिजमध्ये राखून ठेवायची. त्यातली ही एक. उघडली तेव्हा फेस गळ्यातून वर चढला होता आणि तृप्तीच्या बोटांवरून खाली ओघळला होता. यादवरावांनी ते पाहिलं होतं. थंड बाटलीचा फेस इतका चढत नाही.

त्यांनी एक घोट घेतला आणि जिभेवर फिरवला. कडवटपणा लगेच आला, जिभेच्या मुळाशी स्वच्छ बसला. जीभ अजून शाबूत होती. कडू, आंबट, गोड, खारट एवढं ती सांगत होती. पण या बिअरचा बिघाड जिभेला कळणारा नव्हता. शेवटी हॉप्स टाकीत कोरडे टाकले, की कधीकधी त्यांच्यामुळे उरलेली साखर फुटते, झोपी गेलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं. त्याचं काम संपायच्या आत माल बाटलीत भरला तर बाटलीत वायू वाढत राहतो. आणि याची पहिली खूण म्हणजे लोण्याचा वास. अगदी पुसट, हॉप्सच्या मागे दडलेला.

काही माणसांना हा वास जन्मतःच कळत नाही. तृप्ती त्यातली होती. म्हणून तर तिने पाच वर्षांपूर्वी त्यांच्या घरी येऊन, त्यांच्या पुस्तकांच्या कपाटांकडे बघत बघत म्हटलं होतं, "काका, मला लोणी कळत नाही. माझं नाक तुम्ही व्हा." यादवराव त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खुशीत होते. बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि महिन्यातून एक दिवस का होईना, कुणीतरी त्यांची वाट बघणार होतं.

मग दोन वर्षांपूर्वी तो ताप आला. ताप गेला. आठवड्याने चहा पिताना लक्षात आलं की कपात फक्त गरम आणि गोड आहे. येईल परत, असं वाटलं होतं. पहिल्या महिन्यात त्यांनी जुन्या वह्या उघडून त्यातले शेरे थोडे बदलून लिहिले. पेरूची फोड. मोसंबीची साल. नुकतंच कापलेलं हिरवं गवत. कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या महिन्यात सांगू, असं ठरवलं. तिसऱ्या महिन्यात सांगायला उशीर झाला होता.

या फुटलेल्या खेपेच्या कागदावरही त्यांनी तसंच लिहिलं होतं. 'लोण्याचा वास: नाही. पास.' आणि खाली लांबलचक सही.

भागीबाई उठली. "ह्यांना पाणी देऊ का?" तिने टेबलावरच्या जगकडे बोट दाखवलं. तृप्तीने मान हलवली. भागीबाई टेबलाशी आली, जग उचलला, ग्लासात पाणी ओतता ओतता थांबली. तिने मान थोडी वर केली.

"इथं कुनी लोनी कढवतंय का?"

यादवरावांनी ग्लासकडे पाहिलं.

"कढवल्यावानी वास येतोय." ती ओशाळून हसली. "भूक लागली आसंल मला. सकाळी पाचाची एष्टी धरली."

"पलीकडे कॅन्टीन आहे पार्कचं," तृप्ती म्हणाली. तिच्या बोटांतलं झाकण फिरायचं थांबलं होतं. "तिथून येत असेल."

ती गेली आणि तिने खिडकी लावून घेतली. खिडकी मुळात कॅन्टीनच्या बाजूला नव्हती.

दिनेशचं लक्ष फॉर्ममध्ये होतं. त्याने घड्याळ पाहिलं. "आहेर साहेब, तुम्ही तुमचं चालू द्या. मी तोवर जागेचे फोटो काढून घेतो. चल काळू, ती भिंत दाखव."

काळू उठला. दाराच्या पायरीशी तो अडखळला. एका डोळ्याने त्याला पायरीची खोली उमगत नव्हती. भागीबाईने पाण्याचा ग्लास तसाच ठेवला आणि त्याचा दंड धरून ती त्याच्याबरोबर बाहेर गेली.

खोलीत पंखा फिरत राहिला. यादवरावांनी आपल्या हातांकडे पाहिलं. तृप्तीशी बोलताना त्यांना नेहमी वाक्य आधी मनात जुळवावं लागायचं. या वेळी ते जुळलं नाही.

"तृप्ती, मला वास येत नाही."

"माहीत आहे."

तिने ऐकलं नाही नीट, असं त्यांना वाटलं. "आजचं नाही म्हणत मी. दोन वर्षं झाली."

"माहीत आहे, काका."

ती समोरच्या खुर्चीत बसली. पस्तिशीची मुलगी, पण बसताना म्हाताऱ्या माणसासारखा तिने टेबलाचा आधार घेतला.

"आधी तुम्ही प्रत्येक शेऱ्यात 'बहुधा' लिहायचात," ती म्हणाली. "'बहुधा मोसंबी.' 'बहुधा किंचित लोणी, दोन दिवसांनी पुन्हा पाहावं.' मला वैताग यायचा. म्हणायचे, या माणसाचं एकदा तरी ठाम मत असावं. मग एके दिवशी 'बहुधा' बंद झालं. मी एकदा मुद्दाम तुम्हाला एकाच टाकीतले दोन ग्लास दिले, नंबर वेगवेगळे टाकून. तुम्ही दोन वेगळी पानं लिहिलीत." ती जराशी हसली. "सुंदर लिहिली होतीत."

यादवरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या दोन पानांवर त्यांनी एक अख्खी रात्र घालवली होती, शब्द खोडून, पुन्हा लिहून. समाधान वाटलं होतं.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"कसं बोलायचं? महिन्याच्या पहिल्या सोमवारी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, सकाळच्या एसटीने..." ती थांबली. तिने झाकण टेबलावर पालथं ठेवलं. "नाही. हे अर्धंच खरं आहे. नाक गेल्यापासून तुम्ही एकही खेप नापास केली नाहीत, काका. मला लोणी कळत नाही हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी पास म्हटलं तर दुकानदार विचारतात, आहेर साहेबांनी पाहिली का? तुमची सही असली की विचारत नाहीत."

बाहेर दिनेशचा आवाज आला, काळूला भिंतीशी उभं राहायला सांगत होता.

"पण या खेपेला तरी थांबायचंस," यादवराव म्हणाले.

"टाकी मोकळी करायची होती. पुढचा माल तयार होता. मला वाटलं, लोणी नसेल. दर वेळी नव्हतंच ना." तिने तळहाताने चेहरा पुसला. "त्या बाईला वास आला. आपल्या दोघांच्या मध्ये भरलेला ग्लास आहे, आणि वास आला तिला."

"फेस पाहिलास?"

"पाहिला."

दोघं त्या ग्लासकडे बघत बसली. फेस आता खाली बसला होता, काचेवर त्याची जाळी राहिली होती. रंग सुरेख होता, उन्हात धरलेल्या मधासारखा. असं वाक्य आपोआप सुचलं याची यादवरावांना शरम वाटली.

"आज 'नाही' लिहा," तृप्ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी काळूला सोडणार नाही. गेटवर बसवीन, पगार तोच देईन, शब्द देते. पण बिघाड कारखान्याचा निघाला तर विमा हात वर करेल, परवाना अडकेल. इथे अजून अकरा माणसं आहेत. कुलूप लागल्यावर काळूला तरी काय मिळणार? तुम्हीच सांगा. मी खोटं बोलतेय का?"

ती खोटं बोलत नव्हती. त्याचीच यादवरावांना भीती वाटली. सगळं पटण्यासारखं होतं. एक शब्द लिहायचा होता, आणि तो त्यांनी याआधी चोवीस वेळा लिहिला होता.

"आणि तुम्ही पुढच्या महिन्यात या," ती म्हणाली. "नेहमीसारखे. या खोलीबाहेर कुणाला काही कळायची गरज नाही."

यादवरावांना दिसलं ते घर. कपाटं, आरामखुर्ची, दुपारी चारचा चहा, गरम आणि गोड. पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार, आणि इस्त्री न केलेला शर्ट. सत्तरीला टेकलेल्या माणसाला महिन्यातला एक दिवस म्हणजे किती असतो, हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं. काळूने एक डोळा दिला होता. आणि आपल्याला एक सोमवार देववत नाही, हे त्यांना त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनी मान खाली घातली.

दार उघडलं. उन्हाची झळ आत आली. "झाले फोटो," दिनेश कपाळ पुसत म्हणाला. "साडेबारालाही तिथे चक्क ऊन आहे. माझ्या बाजूने काम संपलं. साहेब, तुमचं?"

काळू बाकावर बसला. उन्हातून आल्याने त्याचा उरलेला डोळा पाणावला होता, तो शर्टाच्या बाहीने टिपत होता. भागीबाईने पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला.

यादवरावांनी फॉर्म जवळ ओढला. 'लोण्याचा वास', त्यापुढे दोन चौकोन, 'आहे' आणि 'नाही'. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. तृप्ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

"भागीबाई," ते म्हणाले, "जरा इकडे येता का?"

ती आली. त्यांनी ग्लास तिच्याकडे सरकवला.

"मी नाय पीत आसलं, बाबा."

"प्यायचं नाही. वास घ्या फक्त. काय वास येतो ते सांगा."

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग तृप्तीच्या पाठीकडे. ग्लास दोन्ही हातांनी धरून तिने नाकाशी नेला. तिने डोळे मिटले नाहीत.

"ह्योच की," ती म्हणाली. "मघाचा. लोनी कढवल्यावानी. वर काहीतरी लिंबावानी हाय, पन खाली लोनीच."

दिनेशचं पेन थांबलं. "हे काय चाललंय? आहेर साहेब, फॉर्मवर चाखणाऱ्याचं मत लागतं. ह्या बाईंचं नाही. ह्या तर त्याच्या मिसेस आहेत."

"चाखणाऱ्याला वास येत नाही," यादवराव म्हणाले. "त्या दिवशीही येत नव्हता. ते मी शेऱ्यात लिहितोय. माझ्या सहीनिशी." पेन धरलेल्या हाताचं मनगट त्यांनी टेबलावर दाबून धरलं. "एका बाटलीवरून बाईंचं ऐकू नका. दुसरी आहे फ्रिजमध्ये. तुम्ही ती सील करून न्या. हवा त्याला वास द्या."

दिनेश त्यांच्याकडे बघत राहिला. मग तृप्तीकडे. "मॅडम?"

तृप्ती वळली नाही.

"असा रकाना नाही," दिनेश शेवटी म्हणाला, पण त्याने फॉर्म ओढून घेतला नाही.

भागीबाईला खोलीतलं काहीतरी बदललेलं जाणवलं. तिने ग्लास घाईने खाली ठेवला. "वास चांगलाच हाय हां, ताई," ती तृप्तीला म्हणाली. "नासल्याला नाय. आमच्या घरी तूप कढलं की सगळं घर असंच वास मारतं, पोरं चुलीपासून हालत नाहीत. बाबा, चांगला हाय म्हून लिवा. आमच्यापायी ताईंचं नुकसान नको."

"भागे, गप ऱ्हा," काळू म्हणाला.

यादवरावांनी लिहिलं. त्यांच्या वह्यांतले सगळे शब्द जवळ असूनही त्यांनी तिचेच शब्द घेतले. 'कढवलेल्या लोण्यासारखा. वर लिंबासारखं काहीतरी, पण खाली लोणीच.' पेन थोडं थांबलं, आणि तिने सांगितलं होतं म्हणून पुढे 'वास चांगला' हेही लिहिलं. खाली वेगळ्या ओळीत स्वतःबद्दलचं वाक्य लिहिलं, आणि आधीच्या खेपेच्या कागदाची तारीख. मग सही केली. या वेळी ती आखूड झाली.

त्यांनी फॉर्म वळवून भागीबाईपुढे ठेवला आणि पेन तिच्या हातात दिलं.

"सही येते ना?"

"नाव येतं," ती म्हणाली. "कुठं?"

त्यांनी बोट ठेवलं. ती वाकली. कागदावर पेन टेकवलं, आणि उचललं. डावा हात पुढे करून तिने ग्लास पुन्हा जवळ घेतला, नाकाशी धरला, सावकाश एक श्वास घेतला. मग आपलं नाव लिहायला लागली.